ऊन दाखवलेली गिटार

कोथरूडच्या बद्रीनाथ वानखेड्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वस्तू टिकवण्यात त्यांचा हात धरणारा सोसायटीत कोणी नव्हता. ते निवृत्त झाले तरी त्यांची छत्री अजून नोकरीवर होती. म्हणूनच नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मुलगा बुद्धभूषण कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाला, तेव्हा कॅम्पातल्या दुकानातून हौसेने घेतलेली जुनी लाकडी गिटार त्याने बाबांच्याच हवाली केली. “जिवापाड जपा,” म्हणाला.

बाबांनी जपली. दर मे महिन्यात गाद्या, रजया आणि गिटार अशी वरात गच्चीवर जायची. “लाकडाला ओल बाधते,” असं शेजाऱ्यांना ऐकवत ते गिटार दिवसभर उन्हात उताणी ठेवायचे.

बऱ्याच वर्षांनी मुलगा ती न्यायला आला. त्याने खोळ काढली. गिटारची मान वाकली होती, पोट फुगून तडकलं होतं. तार छेडली, तर नुसतीच खरखरली.

“दरवर्षी ऊन दाखवलंय, बरं का!” बाबा कौतुकाची वाट बघत म्हणाले.

बुद्धभूषण तडकलेल्या लाकडावरून बोट फिरवत राहिला. “फार छान ठेवलीत, बाबा. पण राहू दे इथेच. तिकडची हवा नाही मानवायची हिला.”

“तुला बरी मानवली!” बाबा म्हणाले, पण त्यांना हसू आलं नाही. खोटं बोलताना हा पोरगा लहानपणापासून खाली बघायचा, आणि आत्ताही तो खालीच बघत होता. काय बिघडलं ते बाबांना कळलं नाही. आपल्या हातून बिघडलं, एवढं मात्र कळलं.