सुकरीबाईच्या ताटातली कैरी

नऊ वर्षं मी सुकरीबाईच्या हातचं जेवलो. गडचिरोलीच्या जंगलातल्या तिच्या गावात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा मला धड चूलही पेटवता येत नव्हती. ती माझ्या खोलीसमोर राहायची. काटक, विधवा, बोलायला कमी. पहिल्याच संध्याकाळी माझ्या खोलीतला धूर बघून भाताची थाळी घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, हे तुमचं काम नाई." बाईने मला कधी उपाशी झोपू दिलं नाही.

गावाचा एक नेम होता. आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय कैरी तोंडात घालायची नाही. झाडं कैऱ्यांनी लोंबत असायची आणि खायला काय हरकत आहे, असं शहाणपण मी तिला शिकवायचो. ती हसायची. "देवाच्या आधी आपुन काऊन खाव, गुरुजी?" तिच्यापायी मीही नऊ वर्षं तो नेम पाळला.

यंदा चैत्रात ती मोतीबिंदूसाठी चंद्रपूरला आली. मी आता निवृत्त, इथेच एकटा राहतो. रक्त तपासायचं म्हणून ती सकाळपासून उपाशी होती, आणि दवाखान्यातून सुटेपर्यंत साडेतीन वाजले. आज बाईला असं जेवू घालायचं की तिने नाव काढावं, असं माझ्या मनात होतं. आमच्या गल्लीतल्या भोजनालयाचं कौतुक मी ऑटोत बसल्यापासून लावलं होतं.

नाव मोठं, लक्षण खोटं. भात गार, पोळ्या वातड, भाज्या संपलेल्या. राहिलं होतं फक्त वरण, आणि त्यात कैरीच्या फोडी. मी मालकावर भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, साडेतीनले अजून काय भेटन?"

बाईने वाटी नाकाशी धरली. "गुरुजी, यात आंबा नाई ना?"

पंडुमला पंधरा दिवस होते. मला फोडी दिसत होत्या, तिला दिसत नव्हत्या. नुसता मीठ-भात मागितला असता तरी ती पोटभर जेवली असती. पण एवढं कौतुक केलेल्या ठिकाणी पाहुणीला मीठ-भात वाढायची मला लाज वाटली. भूक लागली की माझं डोकंही ठिकाणावर नसतं.

"चिंच आहे," मी म्हणालो. "खा बाई."

दुसऱ्या घासाला ती थांबली. मोतीबिंदू डोळ्यांत होता, जिभेवर नव्हता. माझ्या दिशेने जरासं बघितलं आणि मग ताट साफ केलं. "बरं होतं," म्हणाली. मला वाटलं, पचलं.

ऑपरेशन होऊन ती गावी गेली. पंडुमला मीही गेलो. माणसं झाडाखाली रांगेत बसली होती, सुकरीबाई मात्र लांब, एकटीच. गावचा पुजारी, म्हणजे गायता, तिला बोलवायला गेला. ती गोंडीत म्हणाली, चंद्रपुरात आपल्याकडून कैरी खाल्ली गेली, डोळ्यांना दिसत नव्हतं, चूक आपलीच. माझं नाव तिने घेतलं नाही. मला गोंडी कळते, हे तिला ठाऊक होतं.

उठून दोन वाक्यं बोलायची होती. त्याच वरणाच्या दोन वाट्या मी स्वतः प्यायलो होतो. गायता रांगेतून येत येत माझ्यापाशी आला, हातावर कैरीची फोड ठेवली, आणि मी ती सगळ्यांबरोबर खाल्ली.