बरी झाल्याची साक्ष

"हा कॅन्सर आहे," बुलडाण्याच्या डॉक्टरबाई रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या. "काखेतही पोचलाय. गाठ लागून चार महिने झाले म्हणता, मग इतके दिवस काय करत होतात?"

"उदात्त विचार," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मी खरं तेच सांगत होते.

बुलडाण्याजवळच्या उंद्री गावात मी ब्लाउज शिवते. स्वतःचाच ब्लाउज घालून बघताना डावी बाजू ओढली जातेय असं वाटलं, आणि हाताला गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती, म्हणून मी बिनधास्त राहिले. बायांनो, न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं ते आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला संगतीच्या पुढारी रूथताईंना. त्यांनी एक वही दिली. रोज सकाळी प्रार्थनेनंतर तिच्यात एक शुद्ध, उदात्त विचार लिहायचा आणि दिवसभर तोच मनात घोळवायचा. रीत चांगलीच आहे, माझी आई जन्मभर ती पाळत आली. पण ताईंनी पुढे पुस्ती जोडली, "आजाराचं नाव वहीत आनू नको. मनात बी नाही."

मी पानंच्या पानं लिहिली. ज्वारीवरचं दव, शेजारणीची माया, लेकरांचं हसू. गाठ लिंबाएवढी झाली.

"तुया विश्वास कमी पडून राह्यला व," ताई म्हणाल्या. "आधी बरी झाल्याची साक्ष दे. गुन मागून येते."

रविवारी मी उपासनेत उभी राहिले आणि सांगितलं, प्रभूनं मला बरं केलं. टाळ्या पडल्या. आमच्यात साक्ष म्हणजे देवासमोरचा शब्द. आता दवाखान्याची पायरी चढले तर प्रभूच खोटा ठरणार, या धाकाने मी गप्प बसले. शेवटी छातीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली, तेव्हा माझ्या नवऱ्याने, मनोहरने, मोटारसायकल काढली. "साक्ष गेली चुलीत. बस मागं!"

सोनोग्राफी झाली. मग बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवणं. आठ दिवस वाट पाहिली. पुढे अकोल्याला केमो सुरू झाली. केमो म्हणजे शिरेतून दिलं जाणारं कडक औषध. तिथले डॉक्टर सरळ बोलले, "गाठ लहान असताना आला असतात, तर बहुतेक नुसती तीच काढून भागलं असतं. आता पूर्ण स्तन काढावा लागेल."

चौथ्या केमोनंतर तोंड आलं होतं, पाणीसुद्धा झोंबायचं. रूथताई मोसंबी घेऊन आल्या. जवळ बसून हळूच म्हणाल्या, "तुया मनात काही कडू विचार तं नव्हते ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, उठा," मी म्हणाले. "मोसंबी बी घेऊन जा."

त्या गेल्यावर वही काढली आणि लिहिलं: मला कॅन्सर आहे. मला रूथताईंचा राग आलाय. त्याहून जास्त माझा आलाय, कारण मी देवाच्या नावाने खोटं बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा प्रार्थना केल्यासारखं वाटलं. बायबलमधल्या उदात्त विचारांच्या यादीत पहिलं नाव सत्याचं आहे, हे मला लहानपणापासून पाठ होतं. तेवढंच नेमकं मी गाळलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. डावी बाजू सपाट झाली आणि मी जगले. त्या डॉक्टरांचे, मनोहरचे उपकार मी विसरणार नाही. रागही विसरणार नाही. तो आता वहीत असतो, दवाच्या शेजारी.

टाके सुकल्यावर, डोक्याला रुमाल बांधून, मी पुन्हा उपासनेत उभी राहिले. "मागची साक्ष खोटी होती," मी म्हणाले. "मी बरी झाले नव्हते. मी भ्याले होते. प्रभूनं मला डॉक्टरांच्या हातून वाचवलं." एकही टाळी पडली नाही. रूथताई खाली बघत राहिल्या.

बाहेर चपला घालत होते, तेवढ्यात मागच्या बाकावर बसणाऱ्या मार्थामावशीने माझा हात धरला आणि पदराआड स्वतःच्या छातीवर नेला.

"मले बी हाये व," ती म्हणाली. "पन म्या तं साक्ष देऊन बसली."

सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघी बुलडाण्याला गेलो.