चिकटवलेला कान

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा तो माणूस कधीच आवाज चढवत नाही. गिऱ्हाईक तापलं की शर्टाच्या टोकानं एखादी काच पुसत म्हणतो, "बराबर आहे तुमचं, सेठ."

त्यानं माझ्या जुन्या गाडीसाठी दिलेली हेडलाईट कन्नडच्या घाटात हलायला लागली आणि उजेड रस्ता सोडून झाडांवर पडू लागला. उघडून पाहिलं, तर स्क्रू बसतो तो प्लास्टिकचा कान आधीच तुटलेला आणि चिकटवलेला होता. दुकानात जाऊन मी त्याला नको नको ते बोललो. त्यानं काच पुसली आणि शाबूत कानांची दुसरी लाईट दिली. मग माझ्यादेखत जुनीचा कान पुन्हा चिकटवून ती पुढच्या फळीवर मांडली.

तेवढ्यात आलेल्या एका बाईंनी नेमकी तीच उचलली.

"भाऊ, टिकंल ना?"

"लई मजबूत आहे, ताई."

मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि कान मोडून दाखवला.

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तोडली म्हणजे घेतली, सेठ," असं म्हणत त्यानं ती पेपरात नीट गुंडाळून माझ्यापुढं ठेवली आणि ताईंसाठी दुसरी काढायला आत गेला.