वहिनींचं आरमार

खेळ संपला की गेम डब्यात परत मावतो, त्याचे किस्से मावत नाहीत. आमच्याकडे तर इतके साठलेत की खेळणं कमी आणि "आठवतंय का" जास्त चालतं. आता ते हसत सांगता येतात, म्हणून सांगतो.

ऐरोलीत नंदूच्या फ्लॅटवर रविवारी दुपारी आम्ही चौघं बसतो. नंदू, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, उरणचा म्हात्रे आणि मी. टेबलभर अंतराळाचा नकाशा पसरायचा आणि प्लास्टिकची यानं घेऊन एकमेकांचे ग्रह बळकावायचे. ज्याचा मूळ ग्रह गेला तो आउट. आउट झालेल्याने सगळ्यांना चहा करायचा.

*

हळूहळू यानं हरवत गेली. म्हात्रे कंटेनर यार्डात कामाला, त्याच्याकडे जुगाड तयार असतो. त्याने खारे शेंगदाणे मांडले, एक दाणा म्हणजे एक यान. मी बराच वेळ डोकं लढवून त्याच्यावर हल्ला केला, तर समोर ग्रह रिकामा.

"आरमार कुठाय तुझं?"

"खाल्लं. खारं व्हतं रं, हात थांबला नाय."

*

एकदा नंदू उभा राहून ओरडला, "आज तुझी पृथ्वी उडवणारच!" तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणाले, "खाली मीटिंग चालू आहे. पृथ्वी उडवायची तर हळू आवाजात उडवा."

*

वहिनींची तर तऱ्हाच वेगळी. माझे ग्रह त्यांच्या शेजारी उघडे पडलेले असतात, पण त्यांची यानं अख्खा बोर्ड ओलांडून नंदूवरच जातात. त्यामुळे चहा बहुतेक वेळा नंदूच करतो. एकदा मी कारण विचारलं.

"तुम्ही परके," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यावर कसा हात उचलायचा?"

*

मग नंदूच्या मानेत गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट यायचा होता त्या रविवारी त्यानेच हट्टाने आम्हाला बोलावलं. त्याच्या मानेला पट्टी होती. मला खूप भीती वाटत होती, आणि ती लपवायला मी उगाच बडबडत होतो.

त्या दिवशी कुणी नंदूवर हल्ला करेना. म्हात्रेने तर आपला एक ग्रह सरळ त्याच्याकडे सरकवला. "घे तुला. मला नको, मेन्टेनन्स जाम हाय."

वहिनींची यानं जागची हलली नव्हती. अर्धा बोर्ड नंदूचा झाला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, "मला कुणी मारत का नाहीये?"



वहिनींच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. फोन पालथा ठेवून ओढणीने डोळे पुसले. मग आपली सगळी यानं उचलली आणि नंदूच्या मूळ ग्रहावर नेऊन ठेवली.

"रिपोर्ट आला वाटतं," नंदू म्हणाला, आणि शीळ घालत चहा टाकायला उठला.