पडद्याच्या मागची जागा

"बाई, डावा हात वर करा."

मी केला.

"हा डावा. नक्की ना? आता तसाच राहू द्या. मी सांगेन तेव्हा खाली."

चाळीस माणसं बसली होती. कॉलेजचे प्राध्यापक, खाणीतले इंजिनिअर, त्यांच्या बायका, आमच्यासारखे मास्तर. सगळे हसले. मी सव्वीस वर्षांची. जिल्हा परिषदेची शिक्षिका. दुसरीच्या पोरांना डावा-उजवा शिकवणारी. चंद्रपूरच्या एका कॉलेजात, खिडक्यांना काळं कापड लावलेल्या हॉलमध्ये, डावा हात वर करून उभी. पुण्याहून आलेले सर फळ्याकडे वळले आणि फ्रेम म्हणजे काय ते पुन्हा समजावायला लागले. हात भरून आला. खांदा दुखायला लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पाच-सात मिनिटांनी सरांचं लक्ष गेलं, तेव्हा म्हणाले, "अरे, अजून वरच? बसा, बसा." पुन्हा हशा.

आज आठवलं की सरांचा येतो त्याहून जास्त माझाच राग येतो. काऊन नाई केला खाली? कोणी बांधून ठेवला होता का?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. खेड्यांत टीव्ही पोचला नव्हता. शहरातल्या एका फिल्म सोसायटीनं दहा दिवसांचा वर्ग ठेवला होता, सिनेमा कसा बघायचा ते शिकवणारा. मास्तरांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण वर्ग संपल्यावर प्रत्येक तालुक्यात एकाच्या हाती सिनेमाचं मशीन देणार होते. लहान, पेटीत मावणारं. त्यानं गावोगाव खेळ दाखवायचे. कोरपना तालुक्यातून आम्ही दोघं होतो. मी, आणि माझ्याच गावचे पाटील गुरुजी.

मला ते मशीन पाहिजे होतं. हौस म्हणून नाही. आमच्या गावात सिनेमा कसा दाखवतात ते मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि मशीन पाटील गुरुजींकडे गेलं तर तो तसाच दाखवला जाणार होता. कसा, ते सांगते पुढं.

तर हात वर करायची पाळी का आली? तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, लहानपणी पाहिलेला एक प्रसंग आठवा आणि फ्रेममध्ये कोण कुठं होतं ते सांगा. आदल्याच दिवशी त्यांनी शिकवलं होतं, आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून डावीकडून येणारा माणूस आपल्याला आपला वाटतो. उजवीकडून येणारा अडवायला आल्यासारखा वाटतो. मला हे फार आवडलं होतं. रात्री मावशीच्या घरी वहीत दोनदा लिहून काढलं होतं.

म्हणून मी हात वर केला. स्वतःहून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सांगितलं, सात वर्षांची असताना गावात सरकारी गाडी आली होती सिनेमा घेऊन. त्यात विहिरीवर बायका पाणी भरतात. डावीकडून दरोडेखोर येतात. मग उजवीकडून नायक धावत येतो, डाव्या हातात कुऱ्हाड घेऊन. मधोमध उभा राहतो. आणि त्याच्या छातीत दिवा पेटतो.

"काय पेटतो?"

"दिवा, सर. छातीत. पांढरा. डोळे दिपायचे."

सोसायटीचे चिटणीस एक वकील होते. पहिल्या रांगेत बसायचे. ते उठले. "सर, तो सिनेमा मी चारदा पाहिलाय. नायक डावीकडून येतो. कुऱ्हाड उजव्या हातात. आणि दिवाबिवा काही नाही." मग माझ्याकडे वळून, "बाई, बाकी सगळं सोडा, डावं-उजवं तरी?"

तिथून ते हाताचं सुरू झालं.

तेवढ्यावर भागलं नाही. त्या सिनेमाची रिळं सोसायटीच्या कपाटातच निघाली. चौथ्या दिवशी वकिलांनी सगळ्यांसमोर तोच प्रसंग लावायला सांगितला. "एकदा खात्री होऊन जाऊ द्या." अंधार झाला. विहीर आली. बायका आल्या. नायक आला, डावीकडून. कुऱ्हाड उजव्या हातात. मधोमध उभा राहिला. मी त्याच्या छातीकडे डोळे फाडून पाहत होते. दिवा नव्हता. काही नव्हतं. सदऱ्याची बटणं होती.

मी खोटं बोलले नव्हते. मग मी काय पाहिलं होतं? एवढी वर्षं मी मनात काय जपून ठेवलं होतं?

अंधारातच वकील शेजाऱ्याला म्हणाले. हळू म्हणाले, पण मला ऐकू येईल इतकं हळू.

"कोट्यातून नोकरी मिळते. डोळे कुठून मिळणार?"

दिवे लागले. पाटील गुरुजी माझ्याजवळ आले आणि मायेनं बोलले. माया कसली, गुळात घोळलेली सुई. "तू आपल्या गावचीच हायेस, बाई. मले काय तुह्यासंगं भांडाचं हाये? पण मशीन म्हंजे मशीन. डाव्याउजव्या तारा राह्यते त्याच्यात. तू पोरायले शिकव, तेच बरं."

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. माझा डबा उघडायचाही जीव नव्हता. ठरवलं होतं, संध्याकाळची बस पकडायची आणि गावी निघून जायचं. स्टेजवर मांजरपाटाचा पडदा बांबूच्या चौकटीला ताणून बांधला होता आणि त्याच्या मागं पाण्याचा माठ ठेवलेला. पाणी प्यायला म्हणून मी मागं गेले. मशीनवाले चाचा दुपारचं रीळ चढवून बघत होते. त्यांनी मशीन चालू केलं.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

दिवा! पडद्याच्या मधोमध, कापडातून, पांढरा जळजळीत. पडद्यावर कुणीतरी बाई चालत होती आणि दिवा तिच्या पोटात पेटला होता. सिनेमाचं नाव आलं. सगळी अक्षरं उलटी.

मी ओरडलेच असणार, कारण चाचांनी मशीन बंद केलं आणि ते धावत आले. साठीचे, पांढरी दाढी, पूर्वी सरकारी गाडीवर होते.

"क्या हुआ, बाई?"

"चाचा, तो दिवा..."

"वो तो मशीन का लाइट है. परदे के पीछे बैठो तो सीधा आँख में आता." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गाडी लेके गाँव गाँव घूमा मैं. पीछे कौन बैठता, मालूम है मेरे को."

मी तिथंच स्टेजवर बसले.

आमच्या गावात पडदा पाटलाच्या, म्हणजे गुरुजींच्याच घरच्या, वाड्यासमोर लागायचा. दोन खांबांमध्ये. खांब पुरायला खड्डे कोण खणायचं? माझा बाप आणि आमच्या वस्तीतली माणसं. दुपारभर पहार मारायचे. खांब उभे झाले, पडदा ताणला, की गाव येऊन पुढं बसायचं आणि आमच्या माणसांनी पडद्याच्या मागं जायचं. कुणी ढकलायचं नाही. हाकलायचं नाही. बौद्ध झालो, पोरं शिकली, मी मास्तरीण झाले, पण पडदा लागला की आमचे पाय आपोआप मागं वळायचे. वर्षापूर्वीच्या खेळालाही वळले होते. माझेसुद्धा. पण मोठी झाल्यापासून मी तिथं मान खाली घालून बसायची, पडद्याकडे बघतच नव्हते.

सात वर्षांची मी नुकती बाराखडी शिकले होते. पडद्यावरची अक्षरं मला वाचता येईनात. दुसऱ्या दिवशी शाळेत पाटलाची पोरगी सिनेमाचं नाव घडाघडा सांगत होती. मला वाटलं, मीच ढ. वाटलं, सिनेमाची अक्षरं वेगळी राहतात, मोठ्या लोकांची. माझ्या बापानं खणलेल्या खड्ड्यातल्या खांबाला बांधलेला पडदा, आणि ढ मी! संताप संताप झाला. आणि मी रडले नाही, हे मुद्दाम सांगते. डबा उघडला, दोन्ही भाकरी खाल्ल्या. बस पकडली नाही.

पुढचे पाच दिवस मी वर्गात एक शब्द बोलले नाही. नुसतं लिहून घेत होते. वकिलांना वाटलं, बाई ताळ्यावर आली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं होती, एका प्रसंगावर बोलायला. मग मशीन कुणाला ते ठरणार होतं. पाटील गुरुजी बोलले. वहीतलं वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. माझं नाव आलं तशी मी स्टेजवर चढले आणि म्हणाले, "माझा प्रसंग विहिरीचाच आहे. पण तो इथून दिसत नाही. सगळ्यांनी उठून पडद्याच्या मागं यायचं."

वकील ताडकन उठले. "हा काय पोरखेळ आहे? बसल्या जागेवरून बोला."

"बसल्या जागेवरून तुम्हाला चारदा दिसलाय, वकीलसाहेब. माझ्या जागेवरून एकदा बघा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "पाच मिनिटं त्यांची आहेत." आणि ते स्वतः उठले. त्यांच्यामागून एकेक करत निम्मी-अधिक माणसं आली. वकील बसून राहिले. पाटील गुरुजी खुर्चीला चिकटले. जागा कोणती ते त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून.

मी चाचांना हात केला; ते रीळ त्यांनी माझ्या सांगण्यावरून आधीच चढवून ठेवलं होतं. विहीर आली. डावीकडून दरोडेखोर. उजवीकडून नायक, डाव्या हातात कुऱ्हाड. मधोमध उभा राहिला आणि त्याच्या छातीत दिवा पेटला. सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. एका इंजिनिअरची बायको म्हणाली, "अगंबाई, डोळ्यांना त्रास होतो हो."

"होतो," मी म्हणाले. "आम्ही तीन-तीन तास बघायचो. सर, तुम्ही शिकवलं, डावीकडून येणारा आपला वाटतो आणि उजवीकडून येणारा अडवणारा. आमच्याकडे सगळे नायक उजवीकडून आले. सगळे दरोडेखोर आपल्या माणसासारखे डावीकडून आले. माझं डावं-उजवं चुकलं नव्हतं. मी जिथं बसवली गेले तिथून जे दिसलं ते मी बरोबर सांगितलं. आता कुणी सांगा, या प्रसंगात कुणी कुणाला कुठं बसवलं. हेच माझं विश्लेषण."

चाचांनी मशीन बंद केलं.

दिवे लागल्यावर सर माझ्याजवळ आले. "फार वेगळा अनुभव आहे. याचा छान लेख होईल. जरूर लिहा." त्या हाताबद्दल एक अक्षर नाही. त्यांना तो आठवतही नसेल. आठवायला तो त्यांचा थोडाच होता!

निकाल वकिलांनी वाचला. कोरपना तालुका, मशीन पाटील गुरुजींकडे. "यंत्र हाताळायला भावना नाही, शिस्त लागते," असंही वर बोलले. मला सर्टिफिकेट मिळालं. जाड कागद, सोनेरी काठ.

मी तो घेतला आणि सगळ्यांसमोर पाटील गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, मशीन तुमाले लखलाभ. पण पडदा भितीले चिपकवून लावाचा. शाळेच्या भितीले. मांगं माणूस बसन एवढी जागा ठेवली, तं पडदा राहणार नाई."

"धमकी देऊन राह्यली का तू?"

"हव, जी."

वकील काहीतरी बोलायला लागले. मी थांबले नाही. दहा दिवस ऐकून घेतलं होतं.

पहिला खेळ लगेच त्या शनिवारी होता. दुपारी निरोप आला. गुरुजींनी पडदा वाड्यासमोरच लावायचा ठरवला आहे, खड्डे खणायला माणसं पाठवा. मी वस्तीत घरोघर फिरले. म्हटलं, एकही पहार उचलायची नाही. काहींनी मान डोलावली. काहींनी खाली घातली. एक म्हातारा म्हणाला, "अवं बाई, फुकटचा सिनेमा. मांगून पाह्यला तरी सिनेमाच न?" त्याला मी वाईटसाईट बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले.

घरी आले. माय चुलीजवळ बसली होती. मी कोनाड्यातला विळा काढला आणि पिशवीत ठेवला, सर्टिफिकेटाच्या शेजारी.

"विळा कायले?" मायनं विचारलं.

"पडद्याच्या मांगं जागा राह्यली तं कापाले."

तिनं फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आयुष्यभर तोच दिवा गेला होता. मग म्हणाली, "अंधारात कापशील तं बोट कापून घेशील, पोरी."

"अंधारात नाई, माय. दिवा लागल्यावर. समोरून जाऊन." मी पिशवी खांद्याला अडकवली. "अन् डाव्या हातानं. अख्ख्या गावाले दिसन असा वर करून. यावेळी खाली कर म्हणणारा कोण हाये, तेच पाह्यतो."