साड्यांचं फोल्डर उघडेना

माग चालू असलेल्या घरात हळू बोलताच येत नाही. वडगावात आमच्याकडं पुढं माणसं राहतात आणि मागच्या खोलीत पॉवरलूम. साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. त्यामुळं घरात काही झालं की ते झाकून राहत नाही, आणि सांगण्यासारखं साचत जातं. त्यात आम्ही साड्यांचे व्हिडिओ काढून मोबाईलवर विकायला लागलो, मग तर विचारूच नका.

या धंद्यातली माणसं मोजकीच. मी, माझी धाकटी जाऊ सविता, आमचे हे, आणि सासूसासरे. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो, सासऱ्यांना मामा.

पहिला व्हिडिओ आत्तींचा. करंट गेला की माग थांबायचे, तेवढ्या शांततेत शूटिंग उरकायचं. आत्ती नवी साडी खांद्यावर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या, पण हलेनातच. मी म्हटलं, जरा वळा, पदर दाखवा. त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "हल्ले तर फोटो बिघडतोय न्हवं?"

तसाच पाठवला. तो व्हिडिओ आहे हे कळायला एकच खूण होती, मागून एक कोंबडी चालत गेली होती. थोड्या वेळानं पहिल्या गिऱ्हाईकाचा मेसेज आला. आम्ही दोघी धावत जाऊन बघतो तर, "कोंबडी गावठी हाय काय?"

*

पुढं व्हिडिओ इतके झाले की मोबाईल भरले. सविताच्या भावानं त्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला. मोबाईलमधलं सगळं त्यात ओतायचं, मग मोबाईल रिकामा करायचा, असं ठरलं. व्हिडिओंना नावं द्यायचं काम सविताकडं.

आता कुणीही साडीच्या रंगावरून नाव दिलं असतं. सवितानं साडी कुणाला खपेल त्यावरून नावं दिली. "खानापूर मास्तरीणबाई." "गोऱ्या विहिणी." "सासूला द्यायची."

निपाणीच्या एक काकू आमच्या नेहमीच्या. त्यांना तिनं पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरून व्हिडिओ पाठवला, आणि तो नावासकट गेला. नाव होतं, "निपाणी लई घासाघीस."

सविता कपाळाला हात लावून बसली. गिऱ्हाईक गेलंच, असं मी धरून चालले. एवढ्यात काकूंचाच फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"नाव पडलंच हाय, तर आता भाव नीट लावा बघू."

लावला.

*

याच काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सगळा बस्ता आमच्याकडून घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं. पाहुणे जमणार होते, त्यांना संध्याकाळी सगळ्या साड्या एकदम दाखवायच्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला कधीच मिळाली नव्हती. आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी साड्यांचं फोल्डर उघडेना.

म्हणजे उघडायचं. वर हिरवी रेघ हळूहळू सरकायची, दोनचार व्हिडिओंची छोटी चित्रं दिसायची, आणि पटकन सगळंच मिटायचं. बाकीची फोल्डरं नीट. लग्नाच्या फोटोंचं नीट, लाईट बिलांचं नीट. फक्त साड्यांच्या व्हिडिओंवर गेलं की संपलं.

मोबाईलमधले व्हिडिओ आम्ही उडवले होते. साड्या घडी-इस्त्रीला गेल्या होत्या. परत शूटिंग करायचं म्हटलं तर दोन दिवस, आणि तोवर काकू दुसऱ्या दुकानात.

घरातल्यांनी आपापले उपाय सुरू केले. मामा म्हणाले तापलंय, आणि त्यांनी टेबलफॅन आणून लावला. आत्तींनी मीठमोहऱ्या घेऊन कॉम्प्युटरची दृष्ट काढली. हे मागाच्या खोलीतून आले, कॉम्प्युटरचा डबा मागून पुढून बघितला, सगळे स्क्रू आवळले आणि खिशातून तेलाची बाटली काढली.

"थोडं सोडू?"

सवितानं त्यांना हाताला धरून परत मागावर नेऊन सोडलं.

*

मग खासबागेतल्या रिपेरीवाल्याला फोन लावला. मागांच्या आवाजात त्याला आमचं ऐकू जाईना, आम्हाला त्याचं. सवितानं स्पीकर लावला आणि तो पलीकडून जीव खाऊन ओरडला, "आधी सगळं बंद करा, मग परत चालू करा."

मागच्या खोलीत ह्यांना एवढंच ऐकू आलं. त्यांनी एकेक करून सगळे माग बंद केले.

घर एकदम गप्प झालं. शेजारच्या घरातली माणसं करंट गेला म्हणून बाहेर आली, मग त्यांचे माग चालू आहेत हे बघून आत गेली. हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "केलं बंद. झालं का नीट?"

*

शेवटी डबा जुन्या साडीत गुंडाळला आणि स्कूटरवरून आम्ही दोघी खासबागेत गेलो. मी चालवत होते, सविता मागं डबा मांडीवर घेऊन. वाटेत ओळखीच्या एका बाईंनी लांबूनच विचारलं, मुलगा की मुलगी. सवितानं मान हलवली, काय म्हणून हलवली ते देव जाणे.

दुकानातही फोल्डर तसंच मिटलं. रिपेरीवाला निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारा. त्यानं पुन्हापुन्हा करून बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट माडबेकु री, आक्का. सगळं पुसायला लागतंय."

पुसायचं म्हटल्यावर सवितानं डबा परत साडीत गुंडाळला. तसाच घरी घेऊन आलो.

जेवणातही मन लागेना. मी मोबाईलवर शोधत बसले. एका मुलीनं सांगितलं होतं, फोल्डर उघडताना कॉम्प्युटर प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढतो, आणि एखादा व्हिडिओ मोडका असला की तिथंच अडकून कोसळतो. चित्रं बंद करा, नुसती नावं दाखवा. सवितानं ते बटण शोधून काढलं. मी डोळे मिटून घेतले.

फोल्डर उघडलं. चित्रं नाहीत, नुसती नावांची रांग. कुठली साडी कुठली, हे सविताला नावावरून पाठ. दिवेलागणीच्या आत सगळे व्हिडिओ निपाणीला गेले आणि रात्री बस्त्याची ऑर्डर पक्की झाली. आत्तींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. थोडी कॉम्प्युटरवरही ठेवली. तेव्हापासून आमच्याकडं मुंग्या आहेत.

*

पण मोडका व्हिडिओ कोणता, हे राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बसलो. निम्मे व्हिडिओ एका नव्या फोल्डरात टाकायचे, चित्रं चालू करून बघायचं. जे फोल्डर कोसळेल त्याचे परत दोन भाग करायचे. असं करत करत एकच उरला. त्याला सविताचं नाव नव्हतं, मोबाईलनंच दिलेले आकडे होते. माझ्याच मोबाईलमधला, पण मला आठवेना.

मोडकी फाईलही जमेल तशी चालवतो असा एक प्लेअर उतरवून घेतला आणि लावला.

आधी नुसतं एक नाक दिसलं, मग मिशी. मोबाईल सूत गुंडाळलेल्या कोनाला टेकवून ठेवला गेला आणि माणूस मागं सरकला. मामा होते. त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं. मग मोरपंखी साडी उलगडली, सदऱ्यावरून खांद्यावर पदर घेतला, घसा खाकरला आणि कधी बोलत नाहीत अशा शुद्ध मराठीत म्हणाले, "नमस्कार भगिनींनो. हा रंग सावळ्या आणि गोऱ्या, दोन्ही स्त्रियांना शोभून दिसतो." आणि दोन्ही हात थोडे पसरून ते सावकाश एक गिरकी घ्यायला लागले. निम्म्यावर आले असतील, तोच बाहेरून आत्तींची हाक आली, "अवो, च्या निवाय लागलाय." मामा दचकले, कोन हलला, मोबाईल पडला आणि चित्र फाटलं.

आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो. माग चालू होते म्हणून बरं. मग सवितानं एकदम मला कोपरानं ढोसलं.

मामा पाठीमागं उभे होते. केव्हा आले कोण जाणे. आम्ही उठून उभ्या राहिलो. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. चष्मा वर सरकवला, खुर्ची ओढून बसले, आणि परत लाव म्हणून बोटानंच खूण केली. मी लावला. नाकापासून पडण्यापर्यंत सगळा बघितला, जराही न हसता.

मग म्हणाले, "पदर नीट आलेला न्हाय. परत काढूया."