ऑरिनच्या कॉलरमधली माणसं

...आणि ऑरिनबद्दल लिहिताना ते 'प्रसिद्ध नट' वगैरे लिहू नकोस गं मार्नी. ऑरिन टॅडलॉक हे नाव कुणाला ठाऊक होतं? तोंड मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. आमच्या बरबँक गावच्या दुकानात बाया त्याला थांबवायच्या, "तुम्ही आमच्या चर्चमध्ये येता का हो?" हा म्हणायचा, "नाही बाई, गेल्या आठवड्यात तुमच्या टीव्हीवर मला फाशी दिली."

पन्नास वर्षं हेच. शेरीफ, खाटीक, दारवान, एकदा तर नुसतं प्रेत. मी तेव्हा स्टुडिओच्या कपडेपटात शिवायला. प्रत्येक कपड्याला आतून पट्टी लावायची, कुणाचा वेश ते कळायला. ऑरिनच्या पट्टीवर काय, तर 'वेटर दोन'. मला म्हणाला, "जीनेट, ह्याच्या आईनं ह्याला 'वेटर दोन' म्हणून हाक मारली असेल का?"

"मग काय मारली असेल?"

"फेलिक्स."

शिवलं कॉलरच्या आत फेलिक्स. माझी शाळा कुठे झाली? त्यानं अक्षरं काढून दिली, मी बघून बघून सुईनं उतरवली.

मग सवयच पडली. मी शिवायची नि विचारत राहायची. लग्न झालंय का ह्याचं? लंगडतो का? सकाळी काय खाल्लं? मला खरंच जाणून घ्यायचं असायचं गं. पडद्यावर दोन वाक्यं बोलणार, पण मला त्याची सासूसुद्धा माहीत.

आता जज्जाचं लिही. ऑरिन तेव्हा ब्याऐंशीचा. विसरायला लागला होता, किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायचा. ह्या वेळी नऊ वाक्यं होती. म्हणाला, "ही जमली नाहीत तर परत कुणी बोलावणार नाही मला." तोवर पट्ट्या छापून यायला लागलेल्या. काही विचारायच्या आतच झगा त्याच्या अंगावर गेला.

कॅमेरा चालू, आणि हा गप्प. एकदा, दोनदा, तीनदा. दिग्दर्शक पोरगी भली होती, पण मदतनिसाला म्हणाली, "वाक्यं कोर्टाच्या कारकुनाला देऊया का?" मी ऐकलं. ऑरिननंही ऐकलं.

आम्हा कपडेवाल्यांना मधेच पुढे जायची मुभा, सुरकुती काढायला. गेले. कॉलर ओढत विचारलं, "नाव काय ह्याचं?"

"पट्टी बघ ना. जज्ज."

"ते नको सांगूस मला. सकाळी काय खाल्लं ह्यानं?"

झग्याच्या बाह्या सावरल्या त्यानं. मग म्हणाला, "करपलेला टोस्ट. स्वतःच भाजला."

"का, बायको कुठाय?"

"मंगळवारी बहिणीकडे गेली. बॅग मोठी होती."

"परत येणार आहे का?"

"जीनेट, हो बाजूला. कोर्ट सुरू करायचंय मला."

आवाजच वेगळा. आठ वाक्यं बोलला. नववं राहिलं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एखाद्याचं काम संपलं की आमच्याकडे नाव पुकारून टाळ्या वाजवतात. त्या मदतनिसाला ह्याचं नाव आठवेना, कागद बघून म्हणतो, "जज्ज." ऑरिननं हात वर केला. "एझ्रा पिंकहॅम म्हणा."

टॅडलॉक नाही म्हणाला, बघ.

त्यानंतर दोनदा बोलावलं त्याला. आता तिकडे म्हाताऱ्यांच्या घरात असतो. ही पट्टी घे, एझ्रा पिंकहॅम शिवलंय, ते वाकडंतिकडं अक्षर, झेड म्हणतात ना त्याला, उलटं झालं असेल तर असू दे. रविवारी जाशील तेव्हा दे त्याच्या हातात. आणि विचार, एझ्राची बायको आली का परत. मला अजून सांगितलं नाहीये त्यानं.